स्वाध्याय : कौल लावण्याआधी

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥



मागच्या गुरुवारी आरतीनंतर एक ताई थांबल्या. मुलाला लांब नोकरी लागली आहे, सून-नातवंडांनी बरोबर जावं की नको, याचा महाराजांकडून कौल मिळेल का, असं त्यांनी विचारलं. मी तिथं काही बोलले नाही. कारण वर्षापूर्वी हाच प्रश्न आमच्या घरात आला होता, आणि तेव्हा मी जे केलं ते सांगायची मला लाज वाटत होती. आता भाच्याची परवानगी घेऊन लिहिते. ज्यांच्या घरी असा प्रश्न असेल त्यांना उपयोग होईल.

*प्रसंग*

माझ्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा मुलगा वायुदलात हेलिकॉप्टर पायलट होता. चौदा वर्षांची शॉर्ट सर्व्हिस झाली आणि सदतिसाव्या वर्षी तो बाहेर पडला. या सेवेला पेन्शन नसते, त्यामुळे दुसरी नोकरी बघणं भागच होतं. नागरी परवाना काढला, अर्ज केले. मागच्या वर्षी फेब्रुवारीत एकाच आठवड्यात दोन ठिकाणांहून बोलावणं आलं.

एक मुंबईचं. जुहूहून उडायचं आणि मुंबई हायच्या तेलविहिरींवर माणसांची ने-आण करायची. दुसरं लेहचं. लडाखमधल्या लांबच्या गावांना माणसं, औषधं, आजारी लोक पोचवायचे. लेहच्या कंपनीनं दोन पर्याय दिले होते. कुटुंब घेऊन तिथंच राहिलात तर घरभाडं देऊ. एकटे आलात तर सहा आठवडे काम आणि तीन आठवडे घरी. उत्तर दहा दिवसांत हवं होतं.

भाच्याचं मन लेहकडं होतं. अक्काला दम्याचा त्रास, ती बेळगावला त्यांच्याजवळच असते. भाचेसून बेळगावच्या एका शाळेत शिक्षिका. नात तेव्हा पाचवीत. अक्काचा मला निपाणीला फोन आला, "तू सेवेत आहेस, तुझं महाराज ऐकतील. कौल लाव, आणि हे खूळ त्याच्या डोक्यातनं काढ."

*माझी चूक*

मी काय केलं? सकाळी पूजा झाल्यावर दोन चिठ्ठ्या केल्या. एकीवर मुंबई, दुसरीवर लेह. महाराजांच्या फोटोपुढं ठेवल्या, डोळे मिटले, एक उचलली. मुंबई आली. मला इतका आनंद झाला की लगेच फोन करायला मोबाईल हातात घेतला.

आणि तिथंच मनात आलं, लेहची चिठ्ठी आली असती तर? खरं सांगते, मी "मन एकाग्र नव्हतं" म्हणून पुन्हा उचलली असती. म्हणजे कौल महाराजांचा नव्हताच. उत्तर माझं आधी ठरलेलं होतं, मला त्यावर फक्त त्यांची सही हवी होती. ती सही दाखवून मी एका सदतीस वर्षांच्या माणसाचं तोंड बंद करणार होते. गुरूंच्या नावानं आपली भीती दुसऱ्याच्या गळ्यात बांधणं, याला सेवा कसं म्हणायचं?

मी फोन केला नाही. पौर्णिमेला वाडीला जाऊन आले, तेव्हा एक जुनी गोष्ट आठवली. एकदा एका गृहस्थांनी महाराजांना असाच प्रश्न विचारला होता, तेव्हा महाराज एवढंच म्हणाले होते, "मला विचारण्याआधी, ज्याच्या डोक्यावर ओझं येणार त्याला विचारलंस का?" मी दुसऱ्या दिवशी एसटीनं बेळगाव गाठलं.

*पायरी पहिली : माहिती आणि भीती वेगळी करा*

जेवणं झाल्यावर आम्ही सगळे बसलो. नातीच्या वहीचं मधलं पान काढलं आणि उभी रेघ मारली. डावीकडं जे माहीत आहे ते, उजवीकडं ज्याची भीती वाटते ते.

अक्का म्हणाली, "तिथं श्वासच लागत नाही म्हणे." ही भीती. मग माहिती काय? आपली निपाणी समुद्रसपाटीपासून साधारण 600 मीटरवर. लेह गाव 3,500 मीटरच्या आसपास, तिथला विमानतळ 3,256 मीटरवर. तिथं हवेत प्राणवायूचं प्रमाण तेवढंच असतं, पण हवेचा दाब समुद्रकाठच्या दोनतृतीयांश इतकाच, म्हणून प्रत्येक श्वासात प्राणवायू कमी मिळतो. नवीन माणसाला डोकं दुखणं, मळमळ, झोप न लागणं हे होतं. विमानानं थेट गेलं तर निदान 48 तास पूर्ण विश्रांती घ्यायची, पाणी भरपूर प्यायचं, जिने चढ-उतार करायचे नाहीत. निरोगी माणसाला शरीर हळूहळू जमवून घेतं. पण दम्याच्या पेशंटचं काय? त्याचं उत्तर आम्ही घरात काढलं नाही, अक्काच्या डॉक्टरांना विचारलं. त्यांनी स्पष्ट सांगितलं, तुमची तब्येत बघता तिथं राहायला जाऊ नका. म्हणजे एक गोष्ट पक्की झाली. अक्का लेहला जाणार नाही.

दुसरी भीती डोंगरातल्या उड्डाणाची. भाच्यानं शांतपणे समजावलं. विरळ हवेत पंख्याला उचल कमी मिळते, इंजिनाची ताकदही कमी होते, म्हणून वजन कमी घ्यायचं. सकाळी हवा थंड आणि शांत असते, दुपारी वारे सुटतात, म्हणून कामं शक्यतो सकाळी उरकायची. धोका आहेच, नाही असं तो म्हणाला नाही. पण "मुंबई म्हणजे सुरक्षित" हे मी जे धरून बसले होते, ते तरी खरं होतं का? जानेवारी 2018 मध्ये मुंबईजवळ समुद्रात हेलिकॉप्टर कोसळून सातजण गेले. जून 2022 मध्ये तेलविहिरीजवळ हेलिकॉप्टर पाण्यात उतरवावं लागलं आणि नऊपैकी चौघे गेले. मुंबई ओळखीची आहे, एवढंच. ओळखीचं म्हणजे सुरक्षित, असा आपल्या मनाचा हिशेब असतो. तो तपासून बघावा.

*पायरी दुसरी : ज्याच्यावर ओझं, त्याला विचारा*

तासभर आम्ही सगळे बोलत होतो. भाचेसून चहाचे कप उचलत होती. मी म्हटलं, "तुझं काय म्हणणं, सांग की." ती जरा थांबली आणि म्हणाली, "मावशी, दहा दिवसांत हे मला पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं."

आम्हाला वाटत होतं तिला मुंबई हवी असणार. तसं नव्हतं. मुंबईला गेलं तर तिची नोकरी जाणार, घर लहान, आणि अक्काला तिथं करमणार नाही हे तिला दिसत होतं. लेहला लगेच सगळ्यांनी जाण्यालाही ती तयार नव्हती. मुलीची शाळा बदलायची म्हणजे अभ्यासक्रम बदलणार, कन्नड सुटणार. लेहला केंद्रीय विद्यालय आहे, पण हिवाळ्यात कडाक्याच्या थंडीनं शाळांना मोठी सुट्टी असते, सगळं वेळापत्रकच वेगळं. ती म्हणाली, "यांनी जावं असं मला वाटतं. नाही गेले तर जन्मभर खिडकीतनं आभाळ बघत बसतील. पण मला एक वर्ष इथंच राहू द्या. मग ठरवू."

आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात हा मधला मार्ग आला नव्हता. ज्याच्यावर ओझं येतं, त्यानं ते मनात हजार वेळा उचलून बघितलेलं असतं. म्हणून त्याला विचारायचं.

*पायरी तिसरी : श्रेय आणि प्रेय नीट ओळखा*

कठोपनिषदातली नचिकेताची कथा आपण चातुर्मासात वाचली होती. यमाच्या दारात तीन रात्री उपाशी थांबलेला मुलगा. यमानं त्याला पुत्रपौत्र, हत्ती-घोडे, सोनं, दीर्घायुष्य सगळं देऊ केलं, त्यानं घेतलं नाही. मग यमानं त्याला श्रेय आणि प्रेय यांतला फरक सांगितला. श्रेय म्हणजे हिताचं, प्रेय म्हणजे आवडीचं.

पण आपण याचा सोपा अर्थ लावतो. जे कष्टाचं, लांबचं, थंडीचं ते श्रेय आणि जे सुखाचं ते प्रेय. तसं नाही. भाच्याला लेह आवडत होतं, म्हणजे त्याच्यासाठी लेहच प्रेय होतं! आणि मला तो जवळ हवा होता, ते माझं प्रेय. जागेवर श्रेय किंवा प्रेय असा शिक्का नसतो. मी हे कुणासाठी मागतोय, आणि याची किंमत कोण देणार, या दोन प्रश्नांनी ते कळतं.

आपले नामदेव महाराज पंढरपूर सोडून उत्तरेला गेले, पंजाबात घुमानला राहिले. त्यांची 61 पदं गुरुग्रंथसाहिबात आहेत. 2015 साली मराठी साहित्य संमेलन घुमानला भरलं ते त्याचमुळं. पण चोखामेळा महाराज आपल्याच मुलखात राहिले, त्यांची भक्ती काही कमी झाली नाही. गीतेच्या बाराव्या अध्यायात भक्ताला अनिकेत म्हटलंय. त्याचा अर्थ घर सोडा असा मी घेत नाही. घर असो, नसो, त्यात जीव अडकू नये, असा घेते.

*पायरी चौथी : मुदत ठरवा, मग हात जोडा*

आम्ही त्याच पानाच्या खाली चार ओळी लिहिल्या. भाच्यानं लेह घ्यावं, एकट्यानं, एक वर्ष. मे महिन्याच्या सुट्टीत सूनबाई आणि नातीनं तिथं जाऊन बघून यावं. अक्काच्या औषधपाण्याचं मी बघावं. वर्ष झालं की पुन्हा याच टेबलावर बसावं. सगळ्यांनी सह्या केल्या, नातीनंही केली. मग ते पान महाराजांच्या फोटोपुढं ठेवून नमस्कार केला. या वेळी मी काही मागितलं नाही. आमच्याकडून जमेल तेवढा विचार झाला, पुढचं तुमचं, एवढंच म्हटलं.

आणखी एक नियम केला. काही बिनसलं तर "मी सांगत होते" हे वाक्य कुणी उच्चारायचं नाही. हा नियम पाळायला सगळ्यात अवघड मलाच गेला.

*वर्षाचा हिशेब*

कुणाला वाटेल आता मी लिहीन, सगळं छान झालं. तसं नाही. दिवाळीला तो आला नाही. नातीचे गणिताचे मार्क घसरले. मे महिन्यात पहिल्या दिवशी तिला उलट्या झाल्या, दोन दिवस झोपून काढले, मग मात्र परत यायला तयार नव्हती. अक्का संध्याकाळ झाली की गप्प होते.

आणि हेही झालं. जानेवारीत झंस्कारच्या वाटा बर्फानं अडल्या होत्या. तिथल्या पदुम गावाहून एका अडलेल्या बाईला त्यांनी लेहच्या दवाखान्यात पोचवलं. आई आणि बाळ सुखरूप. त्या दवाखान्याला सोनम नोरबू यांचं नाव आहे. 1948 साली लेहची पहिली धावपट्टी तयार करणारे इंजिनियर ते हेच. त्या धावपट्टीवर 24 मे 1948 रोजी एअर कमोडोर मेहेरसिंग यांनी पहिलं डाकोटा विमान उतरवलं, आणि बरोबर होते आपल्या कर्नाटकातल्या कोडगूचे जनरल थिमय्या. भाच्यानं हे फोनवर सांगितलं तेव्हा अक्का पहिल्यांदाच म्हणाली, "बरं केलंस बाळ."

पण म्हणून आमचा निर्णय बरोबर ठरला असं मी म्हणणार नाही. ती बाई वाचली नसती तरी निर्णय तोच राहिला असता. आणि तो मुंबईला गेला असता तरी, असंच सगळ्यांना विचारून गेला असता, तर तेही बरोबरच होतं. फळावरून निर्णय मापायचा नाही, तो घेताना आपण किती खरं वागलो यावरून मापायचा. कौल मागणं सोपं आहे, कारण त्यात चूक झाली तर ती आपली नसते. गुरू आपल्याला या सोप्या वाटेनं जाऊ देत नाहीत, ही त्यांची कृपाच.

येत्या एप्रिलमध्ये वर्ष भरतंय. पुन्हा बसायचं आहे. सूनबाई आता जाऊ म्हणते, नात तर बॅग भरूनच बसली आहे. मग अक्का कुणाजवळ राहणार? निपाणीला माझ्याकडं ये म्हटलंय, पण तिचं उत्तर अजून आलेलं नाही. त्या वहीच्या पानावर या वेळी सगळ्यात आधी तिलाच विचारायचं, एवढं मी ठरवलं आहे.

*या आठवड्याचा अभ्यास*

1. घरात अडलेला एक निर्णय घ्या. कागदावर माहिती आणि भीती वेगळ्या लिहा. दोन्हींत गल्लत झालेली एक तरी ओळ शोधा.
2. त्या निर्णयाचं ओझं सगळ्यात जास्त कुणावर येणार? त्या व्यक्तीला या आठवड्यात एकदा विचारा आणि मधे न बोलता ऐका.
3. आपण गुरूंना मार्ग विचारतोय की सही मागतोय, हे स्वतःशी लिहून काढा. हा कागद कुणाला दाखवायचा नाही.

गुरुवारी आरतीनंतर ज्यांना बोलावंसं वाटेल त्यांनी थांबावं. त्या ताईंनी तर नक्की थांबावं, चहा माझ्याकडं.

॥ शुभं भवतु ॥
आपली एक सेवेकरी, निपाणी