गावचं घर विकायला काढण्याआधी

परदेशात नवं बस्तान बसत असतानाच गावाकडून फोन येतो. मागची भिंत पावसाने खचली आहे, घरपट्टी थकली आहे आणि शेजारचे काका विचारत आहेत, "घर द्यायचं का? गिऱ्हाईक आहे." फोनवरच हो म्हणून मोकळे होणारे पुष्कळ आहेत. त्यांना पैसे मिळतात, पण घराची खरी किंमत मिळत नाही. मलकापूर–नांदुरा पट्ट्यातून जाऊन अमेरिका, आखात, इंग्लंड इथे स्थिरावलेल्या कुटुंबांनी आपापली घरं कशी विकली, त्यावरून हे टिपण केलं आहे. नमुन्याला गाव घेतलं आहे वडनेर भोलजी.

नांदुरा तालुक्यातलं हे गाव महामार्गावर आहे. हा रस्ता पूर्वी ६ क्रमांकाचा होता, आता ५३ क्रमांकाचा. रस्त्याला तोंड असलेल्या जागेचा भाव वेगळा आणि आतल्या आळीतल्या घराचा वेगळा. तुमची जागा रस्त्यालगत असेल तर चौपदरीकरणात त्यातली किती संपादित झाली आणि मोबदला कोणी उचलला, हे आधी शोधा. महामार्गालगत बांधकामाला इमारत रेषेचं बंधन असतं. गिऱ्हाईक दुकान काढायच्या हिशेबाने भाव देत असेल तर तो हे विचारणारच.

जवळजवळ सगळ्या कुटुंबांनी एकच गोष्ट निरनिराळ्या शब्दांत सांगितली. गावात घराला भाव रंगाने येत नाही, कागदाने येतो. घेणारा बहुधा जुनं घर पाडणार असतो. तो जागा घेतो, सागवान मोजतो, आणि या घराला वारस किती, उद्या कोण उभा राहील, याची मनात बेरीज करतो. त्याच्या मनात जितक्या शंका, तितके पैसे तो कमी बोलतो.

म्हणून सुरुवात ग्रामपंचायतीच्या नमुना ८ च्या उताऱ्यापासून करा. बहुतेकांच्या उताऱ्यावर अजून आजोबाच असतात. हा उतारा घरपट्टीच्या आकारणीचा असतो, मालकीचा निर्णायक पुरावा नव्हे. पण त्यावर नाव नसेल तर पुढचं काहीच हलत नाही. आजोबांचा आणि वडिलांचा मृत्यूचा दाखला, वारसांची नावं, मग वारसनोंद, असा क्रम आहे. थकलेली घरपट्टी आणि पाणीपट्टी त्याच फेरीत भरून पावत्या घ्या. केंद्राच्या स्वामित्व योजनेचा प्रायोगिक टप्पा २०२० साली सुरू झाला तेव्हापासून महाराष्ट्र त्यात आहे. ड्रोनने गावठाण मोजून मिळकत पत्रिका दिली जाते. तुमची पत्रिका तयार असेल तर तिच्यावरचं नाव, क्षेत्रफळ आणि हद्द तीनदा वाचा. उताऱ्यावरचं क्षेत्र एक आणि पत्रिकेवरचं दुसरं निघालं तर तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात दुरुस्तीचा अर्ज करावा लागतो. गिऱ्हाईक दारात उभं असताना ते काम होत नाही. जुनं खरेदीखत मोडीत असेल तर जाणकाराकडून लिप्यंतर करून ठेवा. पणजोबांनी जागा कोणाकडून घेतली हे त्यातच असतं, आणि चतुःसीमाही.

बहिणींचा विषय इथेच काढायचा. पुढे ढकलू नका. हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू आहे. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क जन्मानेच येतो, दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. ताईला काय विचारायचं, ती काही म्हणणार नाही, असं भाऊ सांगतात. पण घेणाऱ्याचा वकील ताईची सही मागतो. ती मनापासून सोडत असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करा; सोडत नसेल तर खरेदीखतावर तिची सही आणि तिच्या खात्यात तिचा वाटा. न्यू जर्सीतल्या एका कुटुंबाच्या तीन आत्या होत्या. भाचा खास त्यासाठी सुट्टी काढून गेला आणि तिघींच्या घरी जाऊन बोलला. त्याच्या मते घरावरचा सगळ्यात फायद्याचा खर्च तिकिटाचा होता.

भाऊबंदांनाही आधी विचारा, आणि तेही लेखी. मालक मृत्युपत्र न करता गेला असेल तर पहिल्या वर्गाच्या सहवारसाला दुसऱ्याचा वाटा आधी विकत घेण्याचा हक्क कायद्याने दिला आहे. शिवाय व्यवहाराचं म्हणाल तर सर्वांत जास्त भाव पुष्कळदा भिंतीला भिंत असलेला शेजारीच देतो, कारण त्याची जागा सलग होते.

शेजाऱ्यावरून पन्हळीची गोष्ट. जुन्या घरांत तुमच्या पन्हळीचं पाणी त्याच्या अंगणात, त्याच्या न्हाणीचं सांडपाणी तुमच्या बोळात, आणि मधली भिंत सामायिक. पिढ्यान्‌पिढ्या कोणी काही बोलत नाही. घर विकायला निघालं की सगळं आठवतं. इसार घेण्याआधी शेजाऱ्याला सोबत घेऊन हद्द दाखवा, बोळ कोणाचा ते ठरवा आणि कागदावर दोन्हीकडच्या सह्या घ्या. परसात कोणाचा गोठा किंवा कुडाची खोली उभी राहिली असेल तर ती निघेपर्यंत घर बाजारात काढूच नका. बाहेर गेलेले बरेच जण घर फुकट राहायला देतात, "राखण होते" म्हणून. राहू द्या, पण साध्या लेखी परवानगीवर, मुदत घालून.

आता प्रत्यक्ष घर. इथे अनिवासी माणूस दोन टोकं गाठतो. एक तर काहीच करत नाही, नाहीतर परदेशातली घरं पाहून टाइल्स, मॉड्युलर ओटा, पीओपी असा खर्च करतो, आणि तो परत येत नाही. धाब्याच्या मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा करून वर प्लास्टिक पेंट मारला की आतली ओल कोंडते आणि वर्षभरात पोपडे सुटतात. पूर्णेच्या खोऱ्यातल्या या खारपाणपट्ट्यात भिंतीला खार फुटणं काही नवं नाही. गिऱ्हाईक बोटाने गिलावा खरवडून बोट जिभेला लावतं, हे आमच्यातल्या एकाने स्वतः पाहिलं आहे. त्यापेक्षा पोपडे काढा, मातीचाच गिलावा करून चुना मारा. काळ्या मातीवरच्या पायामुळे पडलेली तिरकी भेग लिंपून लपवू नका. जुन्या भेगेत चटकन नजरेत भरतं ते नवं लिंपण.

पैसे घालायचे ते इथे घाला: परसातल्या वेड्या बाभळी आणि उंदरांची बिळं साफ करणं, धाब्यावरचं गवत उपटून पांढरी माती नव्याने टाकणं, पडायला आलेली भिंत उतरवून घेणं, तुटलेलं दार बसवणं, आणि आतली जुनी अडगळ हलवणं. बळद, फुटके रांजण, आजीच्या लुगड्यांची ट्रंक असं सगळं असलं की खोली आहे त्यापेक्षा लहान दिसते. काय ठेवायचं ते घरच्यांनी आधीच ठरवा. कोरीव दार किंवा सागवानी खांब सोबत न्यायचे असतील तर तसं पहिल्याच दिवशी सांगा. सौदा ठरल्यावर दार काढून नेलं की भाव पुन्हा निघतो आणि तो खालीच जातो.

वीज तोडली असेल तर महावितरणची थकबाकी भरून मीटर चालू करा. ही बाकी जागेच्या मागे लागते आणि नव्या मालकाला जोडणी घेताना आडवी येते. बोअरचं पाणी तपासून अहवाल हाताशी ठेवा. खारं निघालं तरी ठेवा. गावात सगळ्यांना माहीत असतंच, पण तुम्ही लपवलं नाही एवढं दिसतं.

हंगामाबद्दल दोन मतं ऐकली. बहुतेकांचं म्हणणं असं की दिवाळीनंतर कापूस घरात आला की गावात पैसा खेळतो, तेव्हा काढावं आणि अक्षय तृतीयेच्या आत उरकावं. पावसाळ्यात घर ओलं आणि गिऱ्हाईकाचा खिसा कोरडा. पण दुबईतल्या एका कुटुंबाने धाबं नीट करून मुद्दाम श्रावणात घर दाखवलं. गळत नाही हे बोलून सांगावं लागलं नाही. मला हे पटतं, फक्त धाबं खरोखर पक्कं असेल तरच.

भाव कसा ठरवायचा? नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर वार्षिक मूल्यदर, म्हणजे आपला रेडी रेकनर, पाहता येतो, आणि गावात अलीकडे झालेल्या व्यवहारांची सूची २ काढता येते. कागदावरचा आकडा नेहमी खरा असतो असं नाही, पण दलालाच्या तोंडच्या आकड्यापेक्षा बरा. काही रक्कम रोख घ्या असा आग्रह होईल. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर तेवढाच दंड होऊ शकतो, आणि ती रोख तुम्ही परदेशात नेणार तरी कशी?

स्वतः जाता येत नसेल तर मुखत्यारपत्र करा, पण या एका घरापुरतं. घर क्रमांक, चतुःसीमा, खरेदीखतावर सही करण्याचा आणि नोंदणीला हजर राहण्याचा अधिकार त्यात लिहा, आणि पैसे माझ्याच खात्यात जमा होतील हेही लिहा. भारतीय दूतावासात, किंवा तिथल्या नोटरीपुढे करून अपॉस्टिल घेऊन, ते पाठवा. महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. पाकीट काकांच्या कपाटात पडून राहिलं की मुदत जाते.

घर गावठाणात आहे की शेतात, यावरही बरंच अवलंबून आहे. गावठाणातलं घर अनिवासी भारतीय किंवा ओसीआय कार्डधारक कोणाही निवासी भारतीयाला विकू शकतो. शेतजमीन आणि शेतघर मात्र निवासी भारतीयालाच द्यावं लागतं, आणि आपल्या राज्यात घेणारा शेतकरीही असावा लागतो.

कराच्या बाबतीत गावातल्या घेणाऱ्याला बहुधा काहीच माहीत नसतं, त्यामुळे ते तुम्हीच सांगायचं. विकणारा निवासी असेल तर ५० लाखांच्या खाली करकपात नाही; अनिवासी असेल तर ही सूट नाही. दीर्घकालीन नफ्यावर १२.५ टक्के आणि त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे १३ टक्के. ३० लाखांना घर गेलं आणि आधी काही केलं नाही तर घेणारा पूर्ण रकमेवर ३ लाख ९० हजार कापून ठेवतो, मग खरा नफा कितीही असो. हे टाळायला प्राप्तिकर खात्याकडून कमी कपातीचा दाखला घ्यावा लागतो. त्याला वेळ लागतो, म्हणून इसाराच्या आधीच सनदी लेखापाल गाठा. घर आजोबांच्या काळचं असेल तर १ एप्रिल २००१ ची बाजारकिंमत खरेदीकिंमत म्हणून धरता येते. त्यासाठी नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल लागतो. आणि तो घर पाडण्याआधी करून घ्या. गावात राहणाऱ्या बहिणीचा वाटा वेगळा दाखवा, नाहीतर तिच्याही पैशातून कपात होते.

पैसे एनआरओ खात्यात येऊ द्या. तिथून एका आर्थिक वर्षात १० लाख डॉलरपर्यंत रक्कम कर भरून आणि लेखापालाचं प्रमाणपत्र जोडून बाहेर नेता येते. बँक वारसाचे कागद मागेल, म्हणून त्यांच्या प्रती मुंबईला किंवा नागपूरला नातेवाइकाकडे न ठेवता स्वतःजवळ ठेवा. त्या वर्षीचं प्राप्तिकर विवरण भारतात भरल्याशिवाय जास्त कापलेला कर परत मिळत नाही. खरेदीखताची नोंदणी झाली की सूची २ ची प्रत लगेच काढून घ्या, आणि दोनेक महिन्यांनी नमुना ८ वर आणि विजेच्या मीटरवर घेणाऱ्याचं नाव चढलं का ते गावात कोणाला तरी विचारा, कारण ते चढेपर्यंत थकबाकीची नोटीस तुमच्याच नावाने निघत राहते.