जर्मनीतल्या शिक्षणाचा हिशेब: अनुभवाचे सात बोल

मी श्टुटगार्टला मास्टर्स केलं. आता दरवर्षी पुण्या-सांगलीकडची मुलं फोन करतात आणि विचारतात, "दादा, महिन्याला किती लागतात?" मी त्यांना सांगतो, किती लागतात ते बघाच, पण कधी लागतात ते आधी बघा. वर्षाचा हिशेब बहुतेकांचा जुळतो. ओढाताण होते ती पहिल्या दोन-तीन महिन्यांत.

१. राज्य बघून विद्यापीठ निवडा. बहुतेक राज्यांतल्या सरकारी विद्यापीठांत फी नाही, फक्त सत्र शुल्क भरावं लागतं. पण श्टुटगार्ट, कार्ल्सरूह, हायडेलबर्ग ही शहरं ज्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात येतात, तिथे युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून दर सत्राला १,५०० युरो फी आहे. दोन वर्षांचे सहा हजार युरो झाले. कर्जाचा अर्ज भरताना हा आकडा समोर हवा.

२. ब्लॉक्ड अकाउंटवर पहिला महिना काढायचा बेत करू नका. व्हिसासाठी त्यात वर्षाचे ११,९०४ युरो भरावे लागतात (सप्टेंबर २०२४ पासूनचा आकडा). पैसे आपलेच, पण हातात येतात महिन्याला ९९२. तेही तिथे पोचून, पत्त्याची नोंदणी करून, स्थानिक बँकेत खातं उघडल्यावर. या कामांत काही आठवडे सहज जातात.

३. सुरुवातीच्या खर्चाची वेगळी तरतूद करा. पहिलं भाडं, सत्र शुल्क, गादी, भांडी, थंडीचं जाकीट आणि घराचं डिपॉझिट, सगळं एकदमच अंगावर येतं. डिपॉझिट मूळ भाड्याच्या तिपटीपर्यंत असू शकतं. मात्र ते तीन मासिक हप्त्यांत देण्याचा हक्क कायद्याने भाडेकरूला दिला आहे. करार करतानाच घरमालकाशी तसं बोलून घ्या. फॉरेक्स कार्डावर दोन-तीन हजार युरो असले, तर झोप लागते.

४. भाड्यात काय काय धरलंय ते विचारा. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत असतं ते बहुधा मूळ भाडं. हीटिंग, पाणी, कचरा, कधी वीज आणि इंटरनेटही वेगळं निघतं. विद्यार्थी वसतिगृह सगळ्यात स्वस्त, पण प्रतीक्षायादी लांबलचक असते. प्रवेशाचं पत्र आलं, की त्याच दिवशी अर्ज टाका.

५. न टळणारे खर्च आधी लिहा. तिशीच्या आतल्या विद्यार्थ्याला सरकारी आरोग्य विमा महिन्याला सुमारे दीडशे युरोंना पडतो. रेडिओ-टीव्हीचं शुल्क १८.३६ युरो. घरात टीव्ही नसला तरी ते द्यावंच लागतं, पण आकारणी माणशी नसून घरामागे असते. तिघं एकत्र राहत असाल, तर प्रत्येकी ६.१२ युरो. आल्याबरोबर घरातल्यांना विचारा, शुल्क कोणाच्या नावावर भरलं जातं.

६. जेवण घरी करा. तुरीची डाळ भारतीय दुकानात महाग मिळते. मसूर डाळ, हरभरे, कांदे, कोथिंबीर तुर्की दुकानात स्वस्त. कुकर घरूनच आणा. रविवारी दुकानं बंद असतात. शनिवारी सामान भरलं नाही, तर रविवारी बाहेर खाण्यात आठवड्याच्या भाजीचे पैसे जातात. पाण्याच्या प्लास्टिक बाटलीमागे २५ सेंट अनामत असते. सुपरमार्केटच्या यंत्रात रिकाम्या बाटल्या टाकल्या की पावती मिळते, ती गल्ल्यावर वळती होते. पिशवीभर बाटल्यांत दूध-ब्रेड सुटतो.

७. पहिल्या सत्रात कमाई शून्य धरा. वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करण्याची मुभा आहे, पण जर्मन येत नसेल तर काम मिळायला वेळ लागतो, आणि पहिल्या परीक्षा जड जातात. त्यात युरोचा भाव हलता असतो. तो पाच रुपयांनी चढला, तर ब्लॉक्ड अकाउंटचाच खर्च जवळपास साठ हजार रुपयांनी वाढतो. कर्ज मागताना ही वाढ धरून मागा.

शेवटचं सांगणं मुलांना आणि आईवडिलांनाही आहे. कर्जाच्या कागदांवर सही करण्याआधी एक संध्याकाळ एकत्र बसा. पहिल्या सहा महिन्यांची तारीखवार यादी करा: कुठल्या तारखेला किती जाणार, आणि तोवर हातात किती असणार. ज्या तारखेला मेळ बसत नाही, तिची सोय इथूनच करून निघा. परक्या गावात, नवीन भाषेत, परीक्षेच्या तोंडावर पैसे उभे करणं फार कठीण जातं.