बढती आणि मागे राहणारे टेबल

बढतीच्या आदेशात साधारणपणे दोन गोष्टी असतात. संबंधित कर्मचाऱ्याची नेमणूक कोणत्या पदावर करण्यात येत आहे ही एक, आणि त्यास सध्याच्या पदावरून तात्काळ कार्यमुक्त करण्यात यावे ही दुसरी. त्या कर्मचाऱ्याच्या जागी उद्या सकाळी जो बसेल त्याला त्या टेबलाचे काम कितपत ठाऊक असेल, याविषयी आदेश काही बोलत नाही. बोलण्याची अपेक्षाही नाही. परंतु गावातून पंचायत समितीत आलेल्या नागरिकाचा संबंध नेमका या तिसऱ्या गोष्टीशी येतो. "ते साहेब गेले, नवीन साहेबांना अजून माहिती नाही," हे उत्तर त्याला दिले जाते, आणि तो पुढच्या बाजारच्या दिवशी पुन्हा यायचे ठरवून परत फिरतो.

आपल्या जागी येणाऱ्या माणसाला तयार करणे हा बढती मिळणाऱ्याच्याच कर्तव्याचा भाग आहे काय, हा प्रश्न म्हणूनच विचारात घेण्यासारखा आहे. कोणत्याही कर्मचाऱ्याच्या कामाच्या यादीत हे काम शब्दशः लिहिलेले क्वचितच आढळते. तरीही ज्या कार्यालयात ते होते आणि ज्या कार्यालयात ते होत नाही, त्यांतील फरक अभ्यागतांच्या बाकावर बसलेल्या माणसालाही चटकन कळतो.

वतनदारीतील शिक्षण

पूर्वी हा प्रश्न निराळ्या रीतीने सुटलेला होता. गावाचे दप्तर कुलकर्ण्याच्या घरात असे आणि त्याचा उत्तराधिकारी त्याच घरात लहानाचा मोठा होत असे. जमिनीचे तुकडे, बांधांचे वाद, कोणाचा वसूल थकला आणि का थकला, हे सारे मुलगा वडिलांच्या शेजारी बसून ऐकत असे. मोडी अक्षरही तेथेच गिरवीत असे. या व्यवस्थेतील अन्याय सर्वश्रुत आहे. ज्ञान एका घरात कोंडले गेले आणि गावाला त्या घरापुढे हात जोडावे लागले. तत्कालीन मुंबई राज्याने १९५० च्या अधिनियमाने परगणा व कुलकर्णी वतने नाहीशी केली, ते योग्यच झाले. अनेक ठिकाणी पगारी तलाठी त्याआधीही आलेले होते.

मात्र वतन गेले तेव्हा त्याबरोबर उत्तराधिकारी घडवण्याची ती घरगुती शाळाही गेली. बदलून येणारा तलाठी परगावचा, गाव त्याला नवे आणि जुने दप्तर मोडीत. (मोडी वाचणारी माणसे आता इतकी थोडी उरली आहेत की काही दप्तरे जवळ असूनही नसल्यासारखी झाली आहेत, तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.) त्या शाळेची जागा शासनाने ठरावीक गाव नमुने, नोंदवह्या, विभागीय परीक्षा आणि प्रशिक्षण संस्था यांनी भरून काढण्याचा प्रयत्न केला. राज्याच्या प्रशासकीय प्रशिक्षणाचे जे महाविद्यालय १९६३ मध्ये मुंबईत सुरू झाले, तेच पुढे १९८४ मध्ये पुण्यास आले आणि आज यशदा या नावाने ओळखले जाते. अशा संस्थेत नियम शिकता येतात. अमुक गावच्या ओढ्यावरचा पूल आषाढात पहिल्यांदा पाण्याखाली जातो, हे मात्र त्या गावाचे काम केलेल्या माणसाकडूनच शिकावे लागते.

बदल्यांचा हंगाम आणि पावसाळा

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे विनियमन आणि कामातील विलंबास प्रतिबंध करणाऱ्या २००५ च्या महाराष्ट्र अधिनियमाप्रमाणे बदल्या सर्वसाधारणपणे वर्षातून एकदाच, एप्रिल किंवा मे महिन्यात होतात आणि एका पदावरील सामान्य कालावधी तीन वर्षांचा धरला जातो. मुलांच्या शाळांच्या दृष्टीने हा हंगाम सोयीचा आहे. प्रशासनाच्या दृष्टीने मात्र नव्या माणसाची पहिली परीक्षा लगेच जूनमध्ये होते. पेरण्या, बियाण्यांच्या तक्रारी, साथीचे रोग, गळक्या शाळा, तुटलेले रस्ते, हे सारे त्याला खुर्ची ओळखीची होण्यापूर्वीच गाठते. याच अधिनियमात कोणत्याही कर्मचाऱ्याकडे नस्ती सामान्यतः सात कामाच्या दिवसांहून अधिक काळ प्रलंबित राहू नये अशी तरतूद आहे. जो नवा माणूस नस्ती कोठे आहे हेच पहिले सात दिवस शोधतो, त्याने ही तरतूद पाळावी तरी कशी?

कार्यभार सोपवण्याचे नियम आहेत. महाराष्ट्र नागरी सेवेच्या सर्वसाधारण शर्तींच्या १९८१ च्या नियमांप्रमाणे कार्यभार मुख्यालयी आणि देणारा व घेणारा असे दोघेही हजर असताना सोपवावा, अशी अपेक्षा आहे. प्रत्यक्षात पुष्कळदा घेणारा आलेलाच नसतो. कार्यभार शेजारच्या टेबलाकडे तात्पुरता जातो, किल्ल्या व शिक्के मोजले जातात, रोकडवहीची शिल्लक जुळवली जाते आणि यादीवर सह्या होतात. यादीत कपाटे आणि खुर्च्याही असतात. प्रलंबित प्रकरणांचा आकडाही असतो. त्यांपैकी कोणते प्रकरण उद्या पेटणार आहे, हे यादीत नसते.

एक उदाहरण घेऊ. पंचायत समितीच्या शिक्षण विभागातील आस्थापना सांभाळणाऱ्या कनिष्ठ सहायकाला वरिष्ठ सहायक म्हणून बढती मिळते व तो दुसऱ्या तालुक्यात जातो. त्याच्या कपाटात तालुक्यातील शिक्षकांची सेवापुस्तके आहेत. निवृत्तिवेतनाच्या १९८२ च्या नियमांप्रमाणे सेवानिवृत्तीच्या दोन वर्षे आधीपासून निवृत्तिवेतनाची तयारी सुरू व्हावयाची असते. त्या वर्षी निवृत्त होणाऱ्यांपैकी एका शिक्षिकेच्या सेवेचा आरंभीचा काळ दुसऱ्या जिल्ह्यातील आहे, तेथील पडताळणीची नोंद आलेली नाही, आणि त्यासाठी दोन स्मरणपत्रे गेलेली आहेत. हे त्या सहायकाला तोंडपाठ आहे. कागदावर त्याचा माग तीन ठिकाणी विखुरला आहे. नव्याने आलेली व्यक्ती हुशार असली तरी तिला हे कळण्यास एक तर सहा महिने लागतील, किंवा त्या बाई स्वतः निवृत्त होऊन हातात अर्ज घेऊन दारात उभ्या राहतील तेव्हा कळेल. तीस-पस्तीस वर्षे मुले शिकवलेल्या माणसाने आपल्याच सेवेचे दाखले गोळा करीत हिंडावे, याला कोणाचा दुष्टावा कारण नसतो. कोणी तरी कोणाला तरी एक गोष्ट सांगितलेली नसते, इतकेच.

माहिती हातची का सोडवत नाही

माहिती देताना माणसे हात आखडता का घेतात, याचे कारण शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. आपल्यावाचून टेबल अडले तरच आपली किंमत, अशी एक समजूत कार्यालयांत मुरलेली आहे. ती सर्वस्वी निराधार आहे असेही म्हणता येत नाही, कारण अडलेल्या टेबलाकडे वरिष्ठांचे लक्ष खरोखरच जाते. पण हिशेब पुरता मांडला तर तो उलटा निघतो. ज्याच्यावाचून अडते त्याला बढती मिळूनही कार्यमुक्त केले जात नाही. वरिष्ठ म्हणतात, "मार्चअखेर होऊ द्या, मग सोडू." मार्च जातो, लेखापरीक्षण येते. अखेर तो जातो तेव्हाही जुन्या टेबलाचा अतिरिक्त कार्यभार त्याच्याच गळ्यात राहतो आणि बढतीचे पद नावापुरते उरते. ज्याच्या हाताखाली एखादी व्यक्ती तयार आहे, त्याला सोडताना वरिष्ठ कुरकुर करीत नाहीत.

सावधपणाचेही एक कारण आहे, आणि ते रास्त आहे. रोख रक्कम, कोरे धनादेश, संगणकप्रणालीचा परवलीचा शब्द, अंकीय स्वाक्षरी यांची जबाबदारी व्यक्तिगत असते. शिकवण्याच्या नावाखाली त्या दुसऱ्याच्या हाती देणे म्हणजे उद्याच्या अपहाराला दार उघडे ठेवणे होय. वेतनाचे देयक कसे तयार होते हे सहकाऱ्याला शेजारी बसवून दाखवता येते. त्यासाठी आपला परवलीचा शब्द वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून देण्याची आवश्यकता नाही. ही मर्यादा जेथे सांभाळली जात नाही, तेथे शिकवणाऱ्याचेही आणि शिकणाऱ्याचेही नुकसान होते.

रिझर्व्ह बँकेच्या इतिहासातील एक प्रसंग येथे आठवतो. गव्हर्नर जेम्स टेलर यांचे फेब्रुवारी १९४३ मध्ये पदावर असतानाच निधन झाले. महायुद्धाचा तो काळ होता. त्यानंतर त्याच वर्षी चिंतामणराव देशमुख गव्हर्नर झाले, आणि त्या पदावरील ते पहिले भारतीय होत. ते १९३९ मध्ये बँकेत आले होते. प्रथम सचिव व १९४१ पासून उपगव्हर्नर या नात्याने बँकेची कामे त्यांच्या हाताखालून गेली होती. त्यांच्या बुद्धिमत्तेविषयी कोणास शंका नव्हती. परंतु बुद्धिमान माणसालाही त्या इमारतीत चार वर्षे काढता आली होती, ही गोष्ट चरित्रे वाचताना सहज नजरेआड होते.

प्रत्यक्षात काय करावे

यासाठी नव्या योजनेची वा निधीची वाट पाहण्याचे कारण नाही. पुष्कळशी साधने कार्यालयात आधीच आहेत. अहमदनगरचे (आताचे अहिल्यानगर) जिल्हाधिकारी असताना अनिलकुमार लखिना यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी कार्यालयीन दप्तराची जी पुनर्रचना केली, तिचे नाव राज्यभर झाले. कागदांचे सहा गठ्ठे करण्याची पद्धत आजही सांगितली जाते : कार्यवाहीतील प्रकरणे, प्रतीक्षाधीन प्रकरणे, नियतकालिके, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवावयाची प्रकरणे आणि नष्ट करावयाचे कागद. हे सहा गठ्ठे खरोखर लावलेले असतील तर येणाऱ्या माणसाचे निम्मे शिक्षण कपाट उघडताच होते. त्यातही प्रतीक्षाधीन गठ्ठा सर्वांत बोलका. आपण कोणाच्या उत्तराची वाट पाहत आहोत, हे त्यावरून कळते. वरील शिक्षिकेचे प्रकरण तेथेच सापडले असते.

दुसरे साधन माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या अधिनियमाने दिलेले आहे. त्याच्या चौथ्या कलमान्वये प्रत्येक कार्यालयाने आपले अधिकारी व कर्मचारी यांचे अधिकार आणि कर्तव्ये, निर्णयाची पद्धत, कामाचे नियम, जवळ असलेल्या दस्तऐवजांची वर्गवारी इत्यादी माहिती स्वतःहून प्रसिद्ध करावयाची आहे. हा मजकूर नागरिकांसाठी आहे, म्हणून आपण तो कोरडेपणाने भरतो. तो जर उद्या आपल्या खुर्चीवर बसणाऱ्यासाठी म्हणून भरला, तर दोघांचेही काम होईल.

तिसरी गोष्ट मात्र ज्याची त्यानेच लिहावयाची आहे, ती म्हणजे टेबलाचे बारमाही पंचांग. कोणत्या महिन्यात कोणते विवरणपत्र जाते; आर्थिक वर्ष मार्चअखेर संपते व महसुली वर्ष जुलैअखेर, तेव्हा कोणत्या आठवड्यात दम खाण्यास वेळ नसतो; ग्रामसभांच्या ठरावीक दिवसांपूर्वी किती दिवस आधी नोटीस निघावी लागते; टंचाईचे प्रस्ताव कोणत्या गावांतून दरवर्षी येतात आणि कोणत्या गावांतून कधीच आले नव्हते पण गेल्या वर्षी आले. चार-पाच पानांत हे मावते.

शिकवण्याचा क्रम अनुभवी माणसे जवळजवळ सारखाच सांगतात. सुरुवातीस शिकणाऱ्याने पाहावे, पुढे त्याने टिपणी लिहावी आणि आपण ती दुरुस्त करावी. दुरुस्त करताना शब्द बदलून देण्यापेक्षा शब्द का बदलला हे सांगण्यास दोन मिनिटे अधिक लागतात, व तीच खरी शिकवणी. त्यानंतर आपण रीतसर अर्जित रजा घेऊन आठ-दहा दिवस दूर व्हावे. या दिवसांत दूरध्वनीवरून जे प्रश्न येतील ते एका कागदावर उतरवून ठेवावेत. आपण काय शिकवायचे विसरलो याची तीच यादी होय. एरवी ती यादी करणे आपल्याला साधत नाही, कारण जे आपल्या अंगवळणी पडलेले असते ते सांगण्यासारखे आहे असेच आपल्याला वाटत नाही.

शाळांत हे काम अधिक सोपे आणि म्हणूनच अधिक दुर्लक्षित आहे. मुख्याध्यापक केंद्रप्रमुख होऊन जातात तेव्हा शालेय पोषण आहाराचा साठा, समग्र शिक्षेचा हिशेब, व्यवस्थापन समितीच्या सभांचे इतिवृत्त हे सारे बहुधा सेवाज्येष्ठ शिक्षकाच्या अंगावर एका सकाळी येऊन पडते. वर्षभर त्यांना एकेक नोंदवही आळीपाळीने हाताळू दिली असती, तर त्या सकाळी त्यांनी नेहमीप्रमाणे चौथीचा वर्ग घेतला असता.

सरपंचांपुढील निराळा पेच

लोकप्रतिनिधींची गोष्ट थोडी वेगळी. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीपासून, म्हणजे १९९३ पासून, पंचायतींतील राखीव जागा व पदे आळीपाळीने फिरतात. आणि महाराष्ट्रात २०११ पासून स्त्रियांसाठी निम्म्या जागा राखीव आहेत. त्यामुळे पाच वर्षांनी त्याच पदावर आपण नसू, हे पुष्कळ सरपंचांना पहिल्या दिवसापासूनच ठाऊक असते. येणारी व्यक्ती कदाचित विरोधी गटाची असेल. तिला काय म्हणून शिकवावे, असे कोणी विचारले तर तो मानवी स्वभाव आहे. पण पाणीपुरवठ्याच्या विहिरीचा पंप कोणत्या वर्षी बसवला, त्याची हमी कधी संपते, आणि कोणत्या वस्तीचा ठराव तीन ग्रामसभांत होऊनही अडून राहिला, हे गटाचे गुपित नसून गावाची मालमत्ता आहे. काही गावांत मावळत्या सरपंच नव्या सरपंचांना बरोबर घेऊन गावातून एक फेरी मारतात, अर्धवट कामे दाखवतात. त्यासाठी कोणताही शासन निर्णय लागत नाही. पहिल्यांदाच घराबाहेरच्या कारभारात येणाऱ्या स्त्रीला तर अशी एक फेरी चार पुस्तिकांपेक्षा अधिक उपयोगी पडते. ती फेरी नसेल तर कारभार ग्रामपंचायतीच्या कार्यालयातून सरपंचांच्या घरच्या ओसरीवर जाण्यास वेळ लागत नाही, आणि ओसरीवर खुर्ची कोणाची असते हे सर्वांना माहीत आहे.

बढतीनंतर

शेवटी बढती मिळालेल्याविषयी. तो वरच्या टेबलावर गेला तरी त्याचे मन काही काळ खालच्या टेबलावरच घुटमळते. तेथील काम त्याला येते, येथले अजून येत नाही. म्हणून जे येते ते करण्याकडे ओढा असतो. तो नव्या माणसाची टिपणी हातात घेतो आणि सारीच पुन्हा लिहून काढतो. पर्यवेक्षणाच्या पदावरील माणसाने असे करणे म्हणजे एकाच कामावर दोन पगार खर्च करणे. पहिला महिना विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर द्यावे. दुसऱ्या महिन्यापासून, "तुम्हाला काय वाटते ते आधी लिहून आणा," एवढेच सांगावे. तिसऱ्या महिन्यात नव्या माणसाने एखादे प्रकरण आपल्यापेक्षा वेगळ्या पण नियमाला धरून असलेल्या पद्धतीने निकालात काढले, तर त्यावर शेरा न मारता सही करावी.