स्टीलची टाकी, लोखंडी फ्रेम : जोडाला रॉड कोणता?

या वेळच्या व्हिडिओत आपण पिकअपवर ५०० लिटरची दुधाची टाकी बसवली. व्हिडिओत हात दिसतो, पण हात तसाच का फिरवला ते दिसत नाही. ते कारण इथे लिहितो. वही-पेन घेऊन बसा.

आधी माझी चूक सांगतो. दुकान नवीन होतं तेव्हा अशीच एक टाकी आली. टाकी ३०४ ग्रेडची, खालचे पाय लोखंडी अँगलचे. मी नेहमीचा ६०१३ रॉड लावला. जोड दिसायला एकदम झकास. गिऱ्हाईक खुश, मीही खुश. काही महिन्यांनी गाडी परत आली. दोन पायांच्या जोडाला स्टीलच्या कडेने सरळ चीर गेलेली आणि टाकी एका बाजूला कललेली. ५०० लिटर दूध म्हणजे सुमारे ५१५ किलो वजन. त्यात आपले रस्ते, गतिरोधक, आणि ब्रेक मारला की आत हिंदकळणारं दूध. वाटेत टाकी सुटली असती तर? ते काम मी पदरचे पैसे घालून पुन्हा केलं.

जोड का तुटला?

वेल्डिंग करताना फक्त रॉड वितळत नाही, दोन्ही बाजूंचा धातूही थोडा वितळून त्यात मिसळतो. सोपा हिशोब करू. समजा जोडात ७० टक्के धातू रॉडचा, १५ टक्के स्टीलचा आणि १५ टक्के लोखंडाचा आहे. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. लोखंडात दोन्ही जवळपास शून्य.

६०१३ लावला तर जोडात क्रोमियम उरतं २.७ टक्के आणि निकेल १.२ टक्के. असा धातू गार होताना कडक आणि ठिसूळ होतो. गंजतोही. माझ्या जोडाचं हेच झालं.

३०९एल लावला तर? त्यात साधारण २३ टक्के क्रोमियम आणि १२.५ टक्के निकेल. जोडात क्रोमियम येतं १८.८ आणि निकेल जवळपास १०. म्हणजे लोखंड मिसळूनही जोड ३०४ च्या तोडीचा राहिला. लोखंड मिसळणार हे धरूनच या रॉडमध्ये माल जास्त घातलेला असतो. नावातला 'एल' म्हणजे कार्बन कमी.

३०८एल हा स्टीलला स्टील जोडायचा रॉड. लोखंडाच्या जोडाला तो वापरला आणि लोखंड जरा जास्त वितळलं की मिश्रण पातळ पडतं. नेम राहत नाही.

काम कसं करायचं?

१. पाय थेट टाकीच्या पत्र्याला लावू नका. आधी ३०४ चीच ३ मिमीची, कोपरे गोल केलेली पट्टी टाकीला ३०८एलने जोडा. पत्रा पातळ असेल तर आर्गन वेल्डिंग करा. मग त्या पट्टीला लोखंडी पाय ३०९एलने जोडा. धक्का मोठ्या जागेवर वाटला जातो आणि दोन धातूंचा जोड दुधापासून लांब राहतो.

२. लोखंडाचा गंज, रंग, ऑइल घासून काढा. जीआय पाइप असेल तर जस्त पूर्ण काढा, नाहीतर जस्त स्टीलमध्ये शिरून चिरा पाडतं.

३. स्टीलसाठी ग्राइंडरचं चाक आणि ब्रश वेगळे ठेवा. लोखंडावर चालवलेलं चाक स्टीलवर चालवलं तर पुढच्या पावसात तिथे गंजाचे ठिपके दिसतील.

४. करंट लोखंडापेक्षा कमी ठेवा. २.५ मिमी रॉडला साधारण ५० ते ८० अँपिअर. स्टील लोखंडाच्या दीडपट फुगतं आणि उष्णता मात्र एक तृतीयांशच पुढे सोडतं, म्हणून पत्रा वाकतो. आधी टाके मारून घ्या. मग थोडं इकडे, थोडं तिकडे असं करत छोटे छोटे सरळ पास घ्या.

५. चष्मा काढू नका. गार होताना स्टीलचा स्लॅग आपोआप उडतो, तोही थेट डोळ्याकडे. स्टीलच्या धुरात घातक क्रोमियम असतं, म्हणून शटर उघडं ठेवा आणि वाऱ्याच्या बाजूने बसा.

६. शेवटी लोखंड आणि जोड रंगवा, रंग स्टीलवरही दोन इंच चढवा. ओल राहिली की जोडाजवळचं लोखंड लवकर गंजतं.

गाडीवर काम करताना

पाय आणि फ्रेमचं वेल्डिंग जमिनीवर उरका, मग फ्रेम बोल्टने गाडीवर बसवा. चेसिसला मनाने टाका मारू नका. गाडीवर वेल्डिंग करावंच लागलं तर बॅटरीची वायर काढा आणि अर्थिंग जोडाच्या अगदी जवळ लावा, म्हणजे करंट बेअरिंगमधून फिरणार नाही. गाडीच्या मूळ रचनेत बदल होत असेल तर मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ लागू होतं. आधी आरटीओत विचारून घ्या.

आता धंद्याचं

३०९एल महाग आहे, मान्य. पण एका टाकीला किती रॉड लागतात ते मोजा. बहुतेक वेळा डझन-दोन डझनात काम होतं. कोटेशनमध्ये 'स्टील-लोखंड जोड, ३०९एल रॉड' अशी वेगळी ओळ लिहा आणि गिऱ्हाइकाला कारण सांगा. शेजारचा ६०१३ लावून स्वस्तात देईल, देऊ द्या. रॉडमध्ये वाचवलेले पैसे एकच काम परत आलं की व्याजासकट जातात, वर नाव जातं ते वेगळं. आष्टी असो की गेवराई, दूधवाले रोज एकमेकांना भेटतात. बातमी गाडीच्या आधी पोचते.

गृहपाठ : स्टील आणि लोखंडाच्या पट्ट्यांचे दोन जोड करा, एक ६०१३ने आणि एक ३०९एलने. गार झाल्यावर व्हाइसमध्ये धरून हातोड्याने वाकवा. कुठला तुटतो ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा आणि तो तुकडा काउंटरवर ठेवा. गिऱ्हाइकाला रॉडचा भाव समजावताना कामाला येईल.