गप्पी माशांच्या पिल्लांचे संगोपन

“गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा” ही आरोग्य विभागाची घोषणा महाराष्ट्रातील कितीतरी शाळांच्या व प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या भिंतींवर रंगविलेली आढळते. मासे पाळावेत एवढे घोषणा सांगते. ते कसे टिकवावेत हे सांगण्यास भिंतीवर जागा नसते. परिणामी हौदात सोडलेले मासे अनेकदा काही महिन्यांत दिसेनासे होतात आणि पुढील पावसाळ्यात पुन्हा नवे मासे मागविण्याची वेळ येते. वास्तविक घरातील किंवा शाळेतील एका काचेच्या टाकीत गावाला पुरतील एवढी पिल्ले वाढविता येतात. कणकवलीसारख्या जांभ्या दगडाच्या आणि मुसळधार पावसाच्या प्रदेशात मात्र त्यासाठी काही गोष्टींचे भान ठेवावे लागते.

गप्पी हा मूळचा या देशातील मासा नव्हे. त्रिनिदाद, व्हेनेझुएला व लगतचा दक्षिण अमेरिकेचा ईशान्य भाग हे त्याचे माहेर. त्रिनिदादहून ब्रिटिश म्युझियमला हे मासे पाठविणाऱ्या रॉबर्ट गप्पी यांचे नाव 1866 मध्ये त्याला मिळाले. या माशाची मादी अंडी घालीत नाही. अंडी तिच्या पोटातच वाढतात आणि साधारणतः चार आठवड्यांनी पोहणारी जिवंत पिल्ले बाहेर येतात. एका वेतात सामान्यतः वीस ते साठ पिल्ले होतात. विशेष म्हणजे एकदा नराशी संयोग झाल्यावर मादी पुढे काही महिने, नर सोबत नसतानाही, पिल्ले देऊ शकते.

एवढी सुपीकता असूनही टाकीत पिल्ले दिसत नाहीत, याचे कारण बहुधा आईच असते. नवजात पिल्लू अर्ध्या-पाऊण सेंटिमीटरचे असते आणि भुकेल्या मादीच्या दृष्टीने ते व डासाची अळी यांत फारसा फरक नसतो. मादीचे पोट चौकोनी दिसू लागले व शेपटीकडील काळा डाग गडद झाला, की तिला हायड्रिलासारख्या पाणवनस्पती दाट भरलेल्या वेगळ्या टाकीत ठेवावे. पिल्ले जन्मल्यावर पिल्लांना नव्हे, तर मादीला बाहेर काढावे. जाळीतून पिल्ले उपसण्याच्या खटाटोपातच पुष्कळ पिल्ले दगावतात.

आता पाण्याविषयी. जांभ्याच्या कातळातून झिरपलेले विहिरीचे पाणी मऊ व किंचित आम्लधर्मी असते. पिण्यास ते गोड लागते, परंतु गप्पीला चुन्याचा अंश असलेले, थोडे जड पाणी मानवते. मऊ पाण्यात पिल्ले मलूल होतात व त्यांचे पर आखडतात. यावरचा उपाय कोकणातील प्रत्येक स्वयंपाकघरात आहे. तिसऱ्यांची किंवा कालवांची शिंपले स्वच्छ धुऊन, उकळून, वाळवून त्यांचा मूठभर जाडसर चुरा टाकीच्या तळाशी घालावा. शिंपल्यातील चुना हळूहळू विरघळतो व पाण्याचा सामू सावरला जातो. मालवणी घरात तिसऱ्या शिजल्यावर उकिरड्यावर जाणाऱ्या वस्तूचा याहून स्वस्त उपयोग सापडणे कठीण.

दुसरा धोका टीसीएल पावडरीचा. पावसाळ्यात सार्वजनिक विहिरींत व नळयोजनेच्या टाकीत ती टाकली जाते आणि ते आवश्यकच आहे. पण त्यातील क्लोरीन माशांच्या कल्ल्यांना जाळते. असे पाणी रुंद तोंडाच्या भांड्यात निदान एक दिवस उघडे ठेवून मगच वापरावे. सर्व पाणी एकदम कधीही बदलू नये. दर दोन-तीन दिवसांनी चौथा हिस्सा बदलणे पुरेसे होते.

पिल्लांना दिवसातून चार-पाच वेळा, परंतु चिमूटभरच खाद्य द्यावे. उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक मोहरीच्या दाण्याएवढा घेऊन फडक्यातून पाण्यात पिळला, तर शंभर पिल्लांची एक वेळ भागते. त्याहून अधिक दिलेले कुजते, आणि टाकीतील पिल्ले उपासापेक्षा या कुजण्यानेच जास्त मरतात. उन्हात ठेवलेल्या बरणीतील पाण्यात केळीची साल टाकल्यास तीन-चार दिवसांत त्यात सूक्ष्म जीव वाढतात. तेही उत्तम खाद्य होय. बरणीच्या तोंडावर कापड बांधण्यास मात्र विसरू नये, अन्यथा डासांविरुद्धच्या मोहिमेत डासांचीच पैदास व्हायची! शाळेतील मुलांकडे खाद्याचे काम सोपविल्यास पाळी ठरवून द्यावी. प्रत्येकाने प्रेमाने एकेक चिमूट टाकली, तर सायंकाळपर्यंत पाणी दुधासारखे होते.

महिना-दीड महिन्यात नराचा पोटाकडील मागचा पर काडीसारखा निमुळता होतो. त्या वेळी नर व माद्या वेगळ्या कराव्यात. दुकानातील झुबकेदार शेपटीचे रंगीत नर दिसण्यास सुंदर असले, तरी ते संथ पोहतात. हौदासाठी साधे, चपळ मासेच निवडावेत. पूर्ण वाढलेला गप्पी दिवसाला 80 ते 100 अळ्या खातो, असे हिवताप नियंत्रणाच्या मार्गदर्शनात सांगितले जाते.

पिल्ले वाढविणे जमले, की खरा प्रश्न पुढे येतो. दोन-तीन महिन्यांत मुलीही आया होतात आणि टाकी अपुरी पडते. कणकवली गड व जानवली या दोन नद्यांच्या सान्निध्यात वसलेली आहे. उरलेले मासे नदीत सोडून देणे हा सर्वांत सोपा मार्ग वाटतो. तो कदापि अवलंबू नये. सह्याद्रीतून उतरणाऱ्या ओढ्या-नद्यांत अन्यत्र कोठेही न आढळणारे मासे आहेत. परका, झपाट्याने वाढणारा गप्पी त्यांचे अन्न व जागा बळकावतो, त्यांची अंडी-पिल्ले खातो, आणि एकदा शिरला की त्याला बाहेर काढता येत नाही. वाहत्या पाण्यात त्याची आवश्यकताही नाही. डासांच्या अळ्या साचलेल्या पाण्यात होतात. शिवाय तेथे हे काम करणारे देशी मासे आहेतच. डोक्यावर चांदीसारखा ठिपका असलेला, पाण्याच्या पृष्ठभागालगत फिरणारा एप्लोकायलस हा त्यांपैकी एक होय.

म्हणून मासे केवळ बंदिस्त पाण्यात सोडावेत: बांधकामावरील हौद, गुरांची दोण, वापरात नसलेली विहीर. ज्या हौदाचे पाणी पावसात ओसंडून व्हाळाला मिळते, तो बंदिस्त मानू नये. 2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार ग्रामपंचायतीत स्थापन झालेल्या व्यवस्थापन समितीने अशा जागांची यादी पावसापूर्वी केल्यास, शाळेच्या टाकीतील पिल्ले कोठे जाणार हे आधीच ठरून राहते. यादी संपली, तर माद्या व नर वेगवेगळ्या टाक्यांत ठेवून वाढ थांबवावी. हौदात सोडताना माशांची पिशवी पंधरा-वीस मिनिटे तेथील पाण्यावर तरंगू द्यावी, थोडे थोडे पाणी आत घ्यावे आणि नंतरच तिचे तोंड मोकळे करावे.