नंतरच्या आनंदाची बाग

गेल्या हिवाळ्यात नामपूरहून आमच्या शाळेची सहल पुण्याला गेली. सिंहगड रस्त्यावरील पु. ल. देशपांडे उद्यानासमोर आमची बस थांबली. या उद्यानाला 'पुणे-ओकायामा मैत्री उद्यान' असेही म्हणतात.

आत शिरताच सलीम हिरवळीवर धावला. लगेच रखवालदाराची शिट्टी वाजली. सलीम हिरमुसला. तो म्हणाला, "ही कसली बाग? ना झोका, ना घसरगुंडी!"

सर हसले. "मुलांनो, ही बाग पाहायची आहे. सावकाश चला."

आम्ही चालू लागलो. बीबी का मकबऱ्याच्या बागेत वाटा सरळ आहेत. इथे मात्र त्या वळणावळणाच्या होत्या. प्रत्येक वळणावर नवे दृश्य दिसे. कधी लहानसा पूल, कधी तळे, तर कधी गवताची टेकडी.

सलीम एका ओहोळापाशी थांबला. त्याचे अब्बा मोसम नदीकाठी कांदा पिकवतात. तो म्हणाला, "सर, हे तर आमच्या शेतातल्या पाटासारखे आहे! उतार नीट ठेवला की पाणी आपोआप पुढे जाते."

"शाबास!" सर म्हणाले. मग त्यांनी माहिती सांगितली. जपानमधील ओकायामा शहरात कोराकुएन नावाची बाग आहे. तिच्या धर्तीवर ही बाग केली आहे. सरदार इकेदा त्सुनामासा यांनी १६८७ मध्ये कोराकुएनचे काम सुरू केले. ते १७०० मध्ये पूर्ण झाले. १८८४ मध्ये ती लोकांसाठी खुली झाली. १९३४ च्या पुराने आणि १९४५ च्या बॉम्बहल्ल्याने तिची हानी झाली. पण जुनी चित्रे व नकाशे जपून ठेवलेले होते. त्यांवरून लोकांनी ती पुन्हा उभी केली.

"कोराकुएन म्हणजे काय, सर?" मी विचारले.

"नंतरच्या आनंदाची बाग. आधी प्रजेने सुखी व्हावे, राजाने नंतर, असा त्याचा अर्थ."

सलीम परतीच्या वाटेवर गप्पच होता.

नामपूरला आल्यावर त्याने शाळेच्या नळापासून एक छोटा पाट खणला. वाया जाणारे पाणी कुंपणाकडे वळवले. तिथे आम्ही कडुनिंबाचे रोप लावले.

मी म्हणालो, "अरे, याची सावली पडेपर्यंत आपण शाळा सोडून गेलेले असू."

सलीम म्हणाला, "म्हणूनच तर लावले!"

शब्दार्थ
हिरमुसणे – नाराज होणे
ओहोळ – लहान प्रवाह
पाट – शेताला पाणी नेणारी चारी
धर्तीवर – नमुन्याप्रमाणे

स्वाध्याय
१. सलीम का हिरमुसला?
२. कोराकुएन पुन्हा कशी उभी राहिली?
३. 'म्हणूनच तर लावले!' असे सलीम का म्हणाला?
४. लिंग ओळखा : बाग, पूल, तळे, सावली.