हिशेबाची दुसरी प्रत : छोट्या व्यवसायांची सायबर सिद्धता

मूल हा धानाचा तालुका. येथील राईस मिल, कृषी केंद्र, किराणा दुकान किंवा मंडप-बिछायतीचा व्यवसाय आज केवळ लाल वहीवर चालत नाही. उधारीची नोंद संगणकात असते, जीएसटीचे विवरणपत्र ऑनलाइन भरले जाते आणि गल्ल्याशेजारी क्यूआर कोड लावलेला असतो. आपल्या विद्यालयातून बाहेर पडलेल्या अनेकांनी असे छोटे व्यवसाय स्वकष्टाने उभे केले आहेत. ‘आपण काही संगणकाच्या धंद्यात नाही, आपल्यावर कोण हल्ला करणार?’ असा प्रश्न त्यांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. महाराष्ट्राने अनुभवलेल्या दोन घटना या प्रश्नाचे उत्तर देतात.

२७ जून २०१७ रोजी युक्रेनमध्ये ‘नॉटपेट्या’ हा संगणकीय विषाणू पसरला. तेथील एका छोट्या कौटुंबिक कंपनीच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून तो शिरला होता. ते सॉफ्टवेअर वापरणाऱ्या डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज कंपनीला त्याने ग्रासले आणि त्याच दिवशी न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील, त्याच समूहाचे टर्मिनलही विस्कळीत झाले. हल्ला कोणावर आणि फटका कोणाला! लक्ष्य आपण नसलो, तरी वाटेत आपण असू शकतो.

याहून मोठा धडा पुढे आहे. कोणत्या कर्मचाऱ्याला कशाची परवानगी आहे, याच्या मूळ नोंदीच्या दीडशेच्या आसपास प्रती मर्स्ककडे होत्या. त्या सर्व एकमेकींशी जोडलेल्या असल्यामुळे एकाच फटक्यात नष्ट झाल्या. वाचली ती केवळ आफ्रिकेतील घाना येथील एक प्रत. कारण हल्ल्याच्या वेळी तेथे वीज गेली होती! त्या एका प्रतीच्या आधारे कंपनीने सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक पुन्हा उभे केले. भारनियमनाचा अनुभव असलेल्या आपल्या भागातील वाचकांना यातील मर्म वेगळे सांगायला नको. प्रतींच्या संख्येपेक्षा त्यांतील एक तरी अलग असणे महत्त्वाचे.

आपल्यासाठी याचा अर्थ सोपा आहे. आठवड्यातून एक दिवस ठरवून हिशेबाची प्रत पेनड्राइव्ह किंवा बाहेरच्या हार्डडिस्कवर घ्यावी, ती संगणकातून काढून दुकानाऐवजी घरी ठेवावी. दर महिन्याला ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. न उघडणारी प्रत ही प्रतच नव्हे.

दुसरी घटना पैशांची आहे. पुण्यातील कॉसमॉस ही १९०६ साली स्थापन झालेली सहकारी बँक. ११ ऑगस्ट २०१८ रोजी, शनिवारी, चोरट्यांनी तिच्या एटीएम व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेच्या जागी बनावट यंत्रणा उभी केली. बनावट कार्डांवर २८ देशांतून रकमा काढल्या गेल्या. सोमवारी, १३ तारखेला, आणखी सुमारे १४ कोटी रुपये हाँगकाँगला वळवण्यात आले. एकूण रक्कम सुमारे ९४ कोटी. मंजुरी मागणारा आणि देणारा दोन्ही एकाच भामट्याच्या हाती गेले, हे या चोरीचे मूळ.

छोट्या व्यवसायात हीच चोरी साध्या वेषात येते. ‘आमचा खाते क्रमांक बदलला आहे, या वेळची रक्कम नव्या खात्यावर पाठवा’ असा पुरवठादाराच्या नावाने संदेश येतो. अशा वेळी त्या संदेशातील क्रमांकावर नव्हे, तर आपल्याकडे पूर्वीपासून असलेल्या क्रमांकावर फोन करून प्रत्यक्ष आवाज ऐकावा. मोठी रक्कम पाठवण्यापूर्वी घरातील वा दुकानातील दुसऱ्या व्यक्तीने तपशील तपासावा. आणि हे गल्ल्यावर बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असावे : पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीही टाकावा लागत नाही.

एवढे करूनही फसवणूक झालीच तर लाजेने गप्प बसू नये. तत्काळ १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर आणि आपल्या बँकेत कळवावे. रक्कम पुढच्या खात्यांत वळण्यापूर्वी ती गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते. संदेश पुसू नयेत, ते पुरावा असतात. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमांनी येथे ग्राहकाला आधार दिला. दोष बँकेचा वा ग्राहकाचा नसून यंत्रणेत अन्यत्र असेल आणि बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत तक्रार केली, तर ग्राहकावर भार पडत नाही. मात्र ओटीपी आपणच सांगितला असेल, तर तक्रार नोंदवेपर्यंतचे नुकसान आपलेच.

सायबर सिद्धता म्हणजे कधीच न पडण्याची हमी नव्हे. पडल्यावर दुसऱ्या दिवशी दुकान उघडता येणे म्हणजे सिद्धता. त्यासाठी महागडी यंत्रे नव्हे, नियमितपणा लागतो, आणि तो वसतिगृहाच्या शिस्तीत वाढलेल्यांना नवा नाही. माजी विद्यार्थ्यांनी आपल्या गावातील दोन दुकानदारांना ही माहिती द्यावी. पालकांनी सुट्टीत घरी आलेल्या मुलामुलींकडे हिशेबाची प्रत घेण्याचे काम विश्वासाने सोपवावे, अशी आमची विनंती आहे.